ओवीचा माध्यमप्रवास : जाते, पोथी, छापखाना आणि संगणक

प्रस्तावना

संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतर पारंपरिक वाङ्मयप्रकारांचे भवितव्य काय, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांसमोर सातत्याने उपस्थित होत आला आहे. या संदर्भात सामान्यतः दोन भूमिका मांडल्या जातात. नव्या माध्यमांमुळे परंपरा लोप पावत आहे, ही एक. नव्या माध्यमांमुळेच परंपरेला पुनर्जीवन मिळत आहे, ही दुसरी. या भूमिका परस्परविरोधी असल्या तरी दोहोंमागील गृहीत एकच आहे. संगणकयुगापूर्वी पारंपरिक वाङ्मयप्रकार एका स्थिर रूपात नांदत होता, असे दोन्ही भूमिका मानतात.

ओवीचा इतिहास पाहिला असता हे गृहीत टिकत नाही. ओवी हा मराठीतील अतिप्राचीन छंद होय. ती जात्यावर गायिली गेली, पोथीत लिहिली गेली, खिळ्यांनी छापली गेली, ध्वनिफितीवर मुद्रित झाली आणि पुढे संगणकात साठविली गेली. प्रत्येक टप्प्यावर तिचे काही टिकले आणि काही गळाले. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतरांचा ऐतिहासिक आढावा घेऊन, माध्यम बदलताना ओवी रचणाऱ्या व गाणाऱ्या व्यक्तीच्या नावाचे काय झाले, या प्रश्नाचा विशेष विचार केला आहे. संगणकयुगातील नव्या वाङ्मयप्रकारांचे मूल्यमापनही याच प्रश्नाच्या आधारे करता येते.

१. श्रम आणि स्वर : जात्यावरची ओवी

ओवीचा एक महत्त्वाचा प्राचीन उल्लेख कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात आढळतो. इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ग्रंथकाराच्या नजरेस पडली तेव्हाच ओवी ही स्त्रियांची होती आणि श्रमाशी जोडलेली होती. नोंद करणारा राजा इतिहासाला ठाऊक आहे. गाणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव ठाऊक नाही.

दळण आणि कांडण ही घरातील स्त्रीची नित्याची कामे होती. पहाटे उठून घरापुरते पीठ दळावे लागे. जात्यासमोर एकटी बाई बसे, किंवा दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावीत. एक हात खुंट्यावर आणि दुसरा वैरण घालण्यात गुंतलेला असताना मोकळा राहत असे तो केवळ गळा. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवीचा चरण पुढे सरकत असे. अक्षरसंख्येचे कठोर बंधन या छंदात नाही. चालीच्या गरजेनुसार ‘बाई’, ‘गं’ यांसारखी भरीची अक्षरे घालता येतात, शब्द ताणता येतात व चरण उलटसुलट करून पुन्हा म्हणता येतो. त्यामुळे गायिलेली ओवी आणि कागदावर उतरविलेली ओवी यांत मुळातच अंतर राहते.

या ओवीत माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल आणि पंढरीची वाट हे विषय पुन्हा पुन्हा येतात. गाणारी बाई ओवीत आपल्या भावाचे, मुलाचे किंवा गावाचे नाव गुंफते. स्वतःचे नाव मात्र ती सहसा घालीत नाही. तशी आवश्यकताही नसे, कारण ऐकणाऱ्यांना गळा ओळखीचा असे. शिवाय आजीकडून वा सासूकडून आलेली ओवी गाणारी प्रत्येक बाई तिच्यात स्वतःची भर घालीत असे. मौखिक ओवी निनावी होती, याचा अर्थ ती बेवारस होती असा होत नाही.

२. लेखणी आणि पाठ : पोथीतील ओवी

स्त्रियांच्या तोंडी असलेला हा छंद संत व महानुभाव कवींनी ग्रंथरचनेसाठी स्वीकारला. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेली ‘ज्ञानेश्वरी’ सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण सयमक असून चौथा चरण आखूड व यमकरहित असतो. ही रचना सैल असल्यामुळे गद्याच्या जवळ जाणारे निरूपण आणि पद्याची लय या दोहोंचा मेळ तिच्यात बसला. दळताना उपयोगी पडणारा हा लवचिकपणा तत्त्वविवेचनालाही उपयोगी पडला.

ज्ञानेश्वरांनी ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, हे ग्रंथाच्या समाप्तीतच नमूद आहे. रचनाकार, लेखनिक, काल आणि स्थळ यांची नोंद करणारी ही ओवी जात्यावरच्या ओवीहून वेगळ्या व्यवहारात शिरली होती. पोथीमुळे तिला नाव मिळाले आणि त्याबरोबर शुद्ध पाठाची चिंताही आली. हस्तलिखिताची नक्कल करताना चुका होत, तसेच कोणी नवी भरही घालीत असे. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’च्या प्रती पाहून पाठशुद्धी केली आणि पुढे कोणीही त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले.

हा इशारा माध्यमाच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. जात्यावर जी भर घालणे हे ओवीच्या जिवंतपणाचे लक्षण होते, तीच भर पोथीत दोष ठरली. छंदाचे नाव तेच राहिले, परंतु त्याच्याशी वागण्याचे नियम पालटले.

३. खिळा आणि संग्रह : छापील ओवी

ओवीचे मुद्रण मुंबई-पुण्यात छापखाने येण्याच्या पुष्कळ आधी गोव्यात झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरी खिळे तेथे उपलब्ध नव्हते. भाषा मराठी, छंद ओवी, विषय बायबलमधील आणि लिपी रोमन, असा हा संयोग होता. १९०७ मध्ये मंगळूर येथून त्याची रोमन लिपीतीलच आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत संपादित केले. यंत्राच्या मर्यादेमुळे मराठी पद्य परक्या लिपीत लिहावे लागणे, ही संगणकयुगाची देणगी नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

स्त्रियांची ओवी छापखान्यापर्यंत पोहोचण्यास बराच काळ जावा लागला. विसाव्या शतकात साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये स्त्रियांच्या ओव्या संकलित केल्या. पुढे महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने सरोजिनी बाबर यांनी लोकगीतांचे विपुल संकलन व संपादन केले. या संग्रहांचे ऋण मोठे आहे. विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव पोहोचू लागली आणि जाते कोपऱ्यात जाऊ लागले, त्या काळात त्यांनी हा ठेवा कागदावर आणला. तथापि, अशा संग्रहांत ओव्या विषयवार लावल्या जात आणि कोणती ओवी कोणत्या बाईकडून मिळाली, याची नोंद सहसा होत नसे. चाल तर कागदावर उतरणे शक्यच नव्हते. परिणामी ओवी ‘लोकां’ची झाली, ती गाणारी बाई मागेच राहिली.

याला सन्माननीय अपवाद बहिणाबाई चौधरींचा. खानदेशातील ही कवयित्री निरक्षर होती. तिची गाणी मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. शेतात आणि घरात राबताना जन्मलेली ही रचना नावासह मराठी कवितेच्या इतिहासात स्थिर झाली. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, यात शंका नाही. परंतु तिचे शब्द टिपणारा हात घरातच होता, हीदेखील ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. असा हात ज्यांच्या घरी नव्हता, अशा स्त्रियांच्या रचनांचे काय झाले असेल, हा प्रश्न यातून उद्भवतो.

४. आवाज आणि नोंद : संगणकातील ओवी

या प्रश्नाच्या दिशेने पडलेले मोठे पाऊल म्हणजे पुण्यातील समाजशास्त्र अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांचे कार्य. १९८० च्या दशकापासून त्यांनी ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या पद्धतशीरपणे संकलित केल्या. या संकलनात महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. संगणक आणि संगीत या दोन्ही क्षेत्रांतील जाणकार बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात या कार्यात सहभागी झाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. प्वातव्हाँ यांचे २००४ मध्ये आणि राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. त्यानंतर ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजेच ‘पारी’ने ८ मार्च २०१७ पासून हा संग्रह आंतरजालावर क्रमशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

या संग्रहाचे मोल केवळ संख्येत नाही. येथे ओवीबरोबर गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, व्यवसाय आणि मुद्रणाची तारीख येते. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांची ओवी त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच आवाजात ऐकता येते. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे मुद्रित झालेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वाहिलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. पंढरीच्या वाटेसाठी वापरला जाणारा छंद दलित स्त्रियांनी आपल्या मुक्तीच्या नायकासाठी योजिला, हे त्यांतून दिसते. ओवी म्हणजे केवळ माहेरची ओढ आणि भक्ती, हा समज अशा नोंदींमुळे दुरुस्त होतो.

तरीही संगणकातील ओवी आणि जात्यावरची ओवी एक नव्हे. मुद्रित ओवी ऐकणाऱ्याच्या हाती खुंटा नसतो. लग्नप्रसंगी घाणा भरताना जाते पूजले जाते आणि ओव्या म्हटल्या जातात. दैनंदिन दळण मात्र थांबले आहे. ते थांबले याची खंत केवळ अभ्यासकाने करावी. पहाटेच्या कष्टांतून सुटलेल्या स्त्रीवर ती लादता येणार नाही. संग्रहाने आवाज जपला, नाव जपले. ओवीत भर घालण्याचा प्रसंग त्याला जपता आलेला नाही.

५. लघुसंदेश आणि फिरता मजकूर

संगणकयुगाने संग्रहाखेरीज नवे वाङ्मयप्रकारही निर्माण केले. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाची मर्यादा रोमन लिपीत १६० अक्षरचिन्हांची, तर देवनागरीत ७० चिन्हांची होती. साहजिकच रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय वाढली. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’ने लोकप्रिय केलेली चारोळी या मर्यादेत सहज सामावली आणि हातोहात फिरू लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रमाणातच देवनागरीचा समावेश होता. मात्र ते प्रत्यक्ष वापरात रुळेपर्यंत एका टंकात लिहिलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत दिसे. युनिकोड रुळल्यानंतर देवनागरी मजकुराचा प्रवास निर्वेध झाला.

याच काळात एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जाणारा मजकूर हा स्वतंत्र प्रकार बनला. त्यात कविता, ललित, विनोद आणि सुविचार येतात. एखादी कविता कवीचे नाव गाळून फिरते, पु. ल. देशपांडे यांनी कधीही न लिहिलेले परिच्छेद त्यांच्या नावावर खपविले जातात. कित्येकदा या प्रकाराला ‘नवे लोकसाहित्य’ म्हटले जाते. निनावीपणा आणि पाठभेद ही लोकसाहित्याची दोन लक्षणे त्यात दिसत असल्याने ही तुलना सकृद्दर्शनी पटते.

परंतु दोन्ही निनावीपणांत मूलभूत भेद आहे. ओवी पुढे देणारी बाई ती स्वतः गाऊन देई. तिच्या गळ्याचा आणि आयुष्याचा ठसा ओवीवर उमटे. फिरता मजकूर बहुधा न बदलता आणि क्वचित पूर्ण न वाचताही पुढे जातो. पहिल्या व्यवहारात नाव नव्हते, पण माणूस समोर होता. दुसऱ्यात नाव गाळले जाते आणि माणूसही समोर नसतो.

निष्कर्ष

१. ओवी हा स्थिर वाङ्मयप्रकार कधीही नव्हता. प्रत्येक माध्यमाने तिची रचना, तिचा पाठ आणि तिच्यावरील हक्क यांची नव्याने व्याख्या केली.

२. पोथीने ओवीला कर्ता आणि शुद्ध पाठ दिला, मुद्रणाने प्रसार दिला. परंतु स्त्रियांच्या ओवीला नाव देण्यात मुद्रणयुग बहुतांशी उणे पडले.

३. संगणकयुगाने परस्परविरोधी अशा दोन प्रवृत्तींना जन्म दिला. जिचे नाव कधी लिहिले गेले नव्हते तिचे नाव एक प्रवृत्ती नोंदविते; ज्याचे नाव छापले गेले होते त्याचे नाव दुसरी पुसते. दोन्हींचे तंत्र एकच आहे. फरक पडतो तो नोंद करणाऱ्याच्या दक्षतेमुळे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी विद्यार्थी भ्रमणध्वनीवर ओव्या मुद्रित करून आणू शकतात. त्यांच्या वहीत ओवीच्या खाली गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तारीख असेल, तर तो अभ्यास झाला. नसेल, तर ‘मानसोल्लासा’तील नोंदीपुढे नऊशे वर्षांत आपण फारसे सरकलो नाही, असेच म्हणावे लागेल.