मामा तलाव : नुसता गाळ काढला म्हणजे तलाव जगत नाही

ब्रह्मपुरी : चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत गावोगावी मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी यातले बरेच तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले.

तलाव अन् नदीचे नाते
पावसाचे पाणी पाळीमागे अडते. तुडुमातून ते पाटाने बांधीत जाते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून नाल्यात, पुढे वैनगंगेत जाते. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते अन् प्राणहिता गोदावरीला मिळते. पावसाळ्यात याच वाटेने मासे उलटे वर चढतात अन् उथळ पाण्यात अंडी घालतात. वाट अडली की तलावातली मासळी घटते.

तलावात कोण काय काम करतो?
• पाण्याखालच्या वनस्पती प्राणवायू देतात. माशांची पिल्ले त्यातच लपतात.
• काठचे गवत अन् देवधान लाटांचा मार सोसतात, म्हणून पाळ कमी झिजते.
• शिंगाडा अन् कमळकंद खायला मिळतात.
• मरळ, वागूर, शिंगूर, झिंगे यांवर ढिवर कुटुंबांचे घर चालते.

बिघडते कुठे?
बेशरम वाढली की देशी वनस्पतींना जागा उरत नाही. गाळ शेताला चांगलाच, पण जेसीबीने सगळा तलाव सारखा खोल केला तर वनस्पतींचे कंद अन् उथळ काठ दोन्ही जातात. पाणी साठते, पण मासा अंडी घालणार कुठे?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांसोबत काही तलावांत बेशरम उपटली, तळ नांगरून देशी वनस्पती लावल्या. त्यानंतर स्थानिक मासे अन् पक्षी पुन्हा दिसू लागले.

ग्रामपंचायतीने काय करावे?
१) जैवविविधता कायदा २००२ नुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या नोंदवहीत तलावातले मासे, वनस्पती, पक्षी लिहून घ्यावेत. ही माहिती ढिवर बांधवांकडे असते.
२) गाळ काढण्याआधी ग्रामसभेत ठराव घ्यावा : कुठे खोदायचे, कोणता काठ सोडायचा.
३) तलाव वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा २००६ खाली मासेमारीचा सामूहिक हक्क मागता येतो.

खोऱ्याचा आराखडा वर कुठेही बनो, गावच्या तलावाची नोंद गावाकडे नसेल तर त्यात आपला मासा अन् आपली पाळ येणार नाही.