नीळकंठाचा नहेम्या

काशीत पंचगंगेच्या निकट असलेला बालाजी घाट, आणि त्याच्या आसपास दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात पेशवाईपासून वसलेली महाराष्ट्रीय ब्राह्मणांची वस्ती, हा आपल्या इतिहासाचा एक दूरस्थ परंतु जिवंत तुकडा आहे. येथे देह ठेवला की विश्वनाथ स्वतः कानात तारकमंत्र सांगतो आणि जीव जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटतो, या श्रद्धेने दक्षिणेतून किती वृद्ध माणसे येथे येऊन राहिली असतील! अशा नगरीत, मुक्ती या शब्दाचा अर्थ ज्याला शिकवावा लागला नाही अशा एका चित्पावन पंडिताने १८४८ साली तोच शब्द हिब्रू शास्त्राच्या अंगाने पुन्हा वाचावा, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ सालचा. घराण्यातील वडीलधारे बांद्याच्या नबाबाच्या, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशजाच्या, कारभारात होते. पुढे कुटुंब काशीस स्थायिक झाले. जॉन म्यूर याच्या, ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या 'मतपरीक्षा' या ग्रंथाचे खंडन त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथात केले. आणि ज्या धर्माचे खंडन केले त्याच धर्माचा, वर्षानुवर्षे चाललेल्या मनाच्या झगड्यानंतर, जौनपूर येथे १४ मार्च १८४८ रोजी स्वीकार केला. बायबलच्या कथेत मोरिया पर्वतावर अब्राहाम आपल्या पुत्राला अर्पण करावयास निघतो; येथे पुत्रच पित्याच्या घरास कायमचा अंतरला.

ती मोरियाची कथा ख्रिस्ती वाचकांनी फार प्राचीन काळापासून पूर्वछाया म्हणून वाचली. स्वतःच्या होमाची लाकडे स्वतः वाहून नेणारा अब्राहामपुत्र इसहाक म्हणजे क्रूस वाहणारा ख्रिस्त, आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका म्हणजे इतरांच्या ऐवजी दिलेला बळी. त्याहून गहन आहे वल्हांडणाचे कोकरू: निर्दोष, एक वर्षाचे, ज्याचे हाड मोडावयाचे नाही आणि ज्याचे रक्त चौकटीला लावलेल्या घरावरून संहारक ओलांडून जातो. मिसरात विटा पाडण्याच्या वेठीस धरलेले लोक त्याच रात्री बाहेर पडले. म्हणजे ही मुक्ती प्रथमतः वेठबिगारीतून झालेली सुटका आहे. जन्माच्या फेऱ्यातून नव्हे, फेरोच्या फटक्यांतून. कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी वल्हांडणाचा सण याच ऐतिहासिक अर्थाने पाळतात, आणि १८४६ साली मुंबईत छापलेल्या मराठी भाषांतरासहित हग्गादाने, म्हणजे या सणाच्या पोथीने, तो अर्थ मराठीतही आणला. ख्रिस्ती अर्थ त्यावर उभा आहे. मूळ अर्थ पुसून टाकण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी नव्या करारात ख्रिस्ताच्या मरणासाठी जो शब्द योजला गेला, तो 'खंडणी' हा आहे. ज्या मुलुखगिरीच्या काळात पेशव्यांचे सरदार उत्तरेत खंडणी वसूल करीत आणि काशीत घाट बांधले जात, त्या काळाच्या दफ्तरातला हा शब्द. घेणाऱ्याचा शब्द देणाऱ्याच्या ठायी नेऊन ठेवणे, आणि खंडणी म्हणून आपला प्राणच मोजणे, यात मराठी भाषेने केवढे अर्थांतर सोसले आहे!

बाप्तिस्म्याच्या वेळी नीळकंठशास्त्र्यांनी नहेम्या हे नाव घेतले. जगासाठी विष कंठात धारण करणाऱ्याचे नाव टाकून घेतलेले हे नाव इराणी बादशहाच्या दरबारी सेवकाचे, यरुशलेमचा तट ५२ दिवसांत उभा करणाऱ्या यहुद्याचे. परंतु बायबलमधील त्याच्या नावाच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात, शेते गहाण पडलेल्या आणि मुलीबाळी दास्यात गेलेल्या कुणब्यांचे गाऱ्हाणे ऐकून तो सावकारांना जमिनी परत करावयास लावतो. आणि सुभेदार असूनही सुभेदारीचा भत्ता घेत नाही. त्याग आणि मोकळीक यांची ही जोडी बळीच्या वेदीपाशी नव्हे, गहाणखतापाशी घडते.

गोऱ्ह्यांच्या विचारांचा ठसा पंडिता रमाबाईंवर उमटला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या निराधार मुलींसाठी केडगावला त्यांनी जी वसाहत उभारली, तिचे नाव मुक्ती. तेथेच हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या वर्षानुवर्षे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत बसल्या, आणि ते पुरे होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी, वारल्या.