कुळिंजनाचे मूळ आणि ते आणणारे हात



आपल्या गायकवृंदात अनेकांना कुळिंजन ठाऊक आहे. नाताळच्या आधी थंडीने घसा बसला, की काष्ठौषधीच्या दुकानातून कोष्टकोळिंजनाचा एक तुकडा आणायचा आणि तो दाढेखाली धरून रस गिळायचा, हा जुना उपाय. कीर्तनकार, गवई आणि प्रवचनकार सगळेच तो करत आले आहेत. आपल्यातले जे हैदराबादेत राहतात त्यांनी निहारीच्या पोटली मसाल्यात 'पान की जड' या नावाने हेच मूळ घातलेले पाहिले असेल. आज आपण या मुळाचा इतिहास पाहू. तो आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातूनही जातो. त्यातला एक भाग अभिमानाचा आहे, तर दुसरा आपल्याला मान खाली घालायला लावतो.

कुळिंजन हे आले आणि हळद यांच्या कुळातले. त्याचे मुख्य प्रकार दोन. लहान कुळिंजन दक्षिण चीनचे. ते बारीक, तांबूस, तिखट आणि फार सुवासिक असते. मोठे कुळिंजन आग्नेय आशियातले. ते जाड आणि फिकट असते व बहुधा ताजेच वापरतात. दिसायला दोन्ही आल्यासारखी असली तरी चव वेगळी. आल्याचा झणका यात कमी असतो, आणि त्याऐवजी लिंबाची साल, मिरी आणि थोडासा निलगिरीसारखा वास येतो. हा वास योगायोगाने आलेला नाही. निलगिरीच्या तेलात असणारे सिनिओल हे द्रव्य कुळिंजनाच्या तेलातही आहे.

नावाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. चिनी भाषेत या मुळाला जे म्हणतात त्याचा अर्थ 'गावल्यांग प्रांताचे आले' असा होतो. अरबी आणि फारसी व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे 'खुलंजान' झाले, संस्कृतात 'कुलञ्जन', आपल्याकडे कुळिंजन आणि युरोपात 'गलांगा'. इतक्या लोकांनी ते हाताळले, तरी प्रत्येकाच्या तोंडी नाव थोडेसे मूळचेच राहिले.

आता जर्मनीत जाऊ. बाराव्या शतकात ऱ्हाईन नदीकाठी बिंगेन गावाजवळ संत हिल्डेगार्ड आपल्या धर्मभगिनींसह मठात राहत होत्या. त्यांचा जन्म १०९८ चा आणि मृत्यू ११७९ चा. त्या मठाध्यक्षा होत्या. त्यांना दर्शने होत, त्या भजने रचत, आणि रोग्यांची सेवाही करत. त्यांच्या 'फिजिका' या ग्रंथात वनस्पती, धान्ये, दगड, मासे, पक्षी अशा निर्मितीतल्या कितीतरी गोष्टींचे गुण सांगितले आहेत. त्यात कुळिंजनावर एक प्रकरण आहे. ते पूर्णपणे उष्ण आहे, असे त्या सांगतात. ताप चढलेल्याने त्याची पूड झऱ्याच्या पाण्यातून घ्यावी, पाठ किंवा कूस दुखत असेल त्याने ते द्राक्षारसात उकळून कोमट प्यावे, आणि हृदय अशक्त वाटणाऱ्याने ते खावे, असा त्यांचा सल्ला आहे.

हा सल्ला बाराव्या शतकातला आहे, हे आपण विसरू नये. आज कोणाच्या छातीत दुखू लागले तर कुळिंजन शोधत बसायचे नाही, तडक इस्पितळ गाठायचे. पण हिल्डेगार्ड यांच्या लिखाणात आपल्यासाठी दुसरे एक महत्त्वाचे आहे. जर्मनीच्या थंडीत हे झाड वाढणे शक्यच नव्हते. ज्या मुळाबद्दल त्या लिहितात ते दक्षिण चीनच्या टेकड्यांवर कोणीतरी खणले, वाळवले, गलबतात भरले. मग ते अरब आणि यहुदी व्यापाऱ्यांच्या हातून भूमध्य समुद्रापर्यंत आले, आणि तिथून खेचरांच्या पाठीवर आल्प्स पर्वत ओलांडून मठाच्या औषधांच्या फडताळात पोहोचले. धर्मभगिनी आजाऱ्याच्या हाती काढ्याचा पेला देत, तेव्हा त्या पेल्यात ज्यांनी ख्रिस्ताचे नावही घेतले नव्हते अशा कितीतरी लोकांचे कष्ट असत.

औषधाच्या फडताळातून हे मूळ स्वयंपाकघरातही गेले. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास जमवलेल्या 'फोर्म ऑफ क्युरी' या पाककृतींच्या संग्रहात कुळिंजन पुन्हा पुन्हा येते. कवी चॉसरच्या कथांमधला आचारीही कोंबडी शिजवताना ते वापरतो. मार्को पोलोने चीन आणि जावा या दोन्हींच्या वर्णनात त्याची नोंद केली आहे. पुढे युरोपच्या स्वयंपाकातून ते हळूहळू मागे पडले.

पण जिथे ते उगवते तिथे ते आजही रोजच्या जेवणात आहे. थायलंडमध्ये नारळाच्या दुधात कुळिंजनाच्या चकत्या, गवती चहा, लिंबाची पाने आणि कोंबडी घालून 'तोम खा' करतात. त्यातला 'खा' म्हणजेच कुळिंजन. चकत्या चवीपुरत्या असतात, त्या ताटात बाजूला काढून ठेवतात. इंडोनेशियात पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांच्या 'रेंदांग'मध्ये ते वाटून घालतात, आणि मांस नारळाच्या दुधात ते आटेपर्यंत तासन्‌तास शिजते. घरी करून पाहायचे असेल तर ताजे मूळ पातळ चकत्या करून घ्यावे, कारण ते आल्यापेक्षा बरेच चिवट असते. वाळलेले असेल तर आधी भिजवावे किंवा पूड अगदी चिमूटभर वापरावी. जास्त झाली तर पदार्थाला औषधाची चव येते.

पोषणाचे म्हणाल तर खरे तेच सांगू. ताज्या मुळात बरेचसे पाणी, त्याखालोखाल पिष्ट आणि चोथा असतो. पण एका भांडभर रश्शात आपण घालतो जेमतेम पाच-सहा चकत्या, आणि त्याही चावून खात नाही. एवढ्याने शरीराचे पोषण होत नाही, ते काम भात, भाकरी, डाळ, मासळी आणि भाजीचे. कुळिंजन रुची देते, भूक आणते, जड जेवण सुसह्य करते. त्यात गॅलँजिन नावाचे द्रव्य आहे, त्याला नावच या मुळावरून मिळाले. त्यावर प्रयोगशाळांत अभ्यास चालू असतात, पण काचेच्या नळीत दिसलेला गुण म्हणजे माणसाचा बरा झालेला आजार नव्हे. गरोदर स्त्रियांनी आणि नेहमीची औषधे घेणाऱ्यांनी ते औषध म्हणून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आता गोव्याकडे वळू. दोन प्रकारच्या कुळिंजनांतला फरक ज्या पुस्तकाने युरोपला नीट समजावून दिला ते पुस्तक गोव्यात लिहिले गेले आणि गोव्यातच छापले गेले. त्याचा लेखक गार्सिया द ओर्ता. त्याचे आईवडील स्पेनमधले यहुदी. १४९२ साली यहुद्यांना स्पेन सोडावे लागले तेव्हा ते पोर्तुगालला आले, आणि १४९७ साली तिथेही सर्व यहुद्यांवर बाप्तिस्मा लादण्यात आला. अशा घरात वाढलेला गार्सिया वैद्य झाला आणि १५३४ साली गोव्यात पोहोचला. त्याने पोर्तुगीज अधिकाऱ्यांवर उपचार केले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता, आणि त्या दरबारातल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. म्हणजे आपल्या मराठी मुलखाचे पाणीही तो प्यायला होता.

१५६३ साली त्याचे 'कोलोकियुश' प्रसिद्ध झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. भारतातल्या औषधी द्रव्यांवर दोन वैद्यांनी केलेला संवाद, असे त्याचे रूप आहे. त्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो, आणि झाडपाला आणून देणारी अंतोनिया नावाची दासीही येते. कुळिंजनाच्या प्रकरणात ओर्ता सांगतो, की लहान आणि फार सुवासिक मूळ चीनहून येते, तर मोठे जावाचे. भारतात लोक ते बागेत लावतात, कोशिंबिरीसारखे खातात आणि औषधालाही वापरतात. ते विशेषकरून वापरतात त्या सुइणी. त्यांच्यासाठी पोर्तुगीज मजकुरात त्याने इथलाच शब्द ठेवला आहे: दाया. गोव्यातल्या कोणा दाईने बाळंतिणीच्या खाटेशेजारी बसून शिकलेले ज्ञान असे छापखान्यापर्यंत पोहोचले. १५६७ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिनमध्ये सारांश केला, आणि ते सगळ्या युरोपने वाचले.

आता मान खाली घालायला लावणारा भाग. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, सुरू झाले होते. ओर्ताच्या पुस्तकाला ज्या अधिकाऱ्यांची संमती मिळाली त्यांत त्या न्यायासनाचा प्रमुखही होता. १५६८ साली ओर्ता वारला. त्यानंतर त्याच्या नातेवाइकांना पकडण्यात आले. आरोप एवढाच, की बाप्तिस्मा झालेला असूनही ही माणसे गुप्तपणे यहुदी धर्म पाळतात. १५६९ साली त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. पुढे १५८० साली ओर्ताचे अवशेष कबरेतून उकरून काढले आणि तेही जाळले.

अशा खटल्यांत पुरावा कुठे शोधत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ते स्वयंपाकघरात शोधत. कोण डुकराचे मांस खात नाही, कोणाच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागतो, शनिवारी कोणाची चूल थंड असते, हे शेजारी आणि नोकर येऊन सांगत. पुढे १७३६ च्या फर्मानात गोव्याच्या न्यायासनाने नवख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींवर बंदी घातली, त्यात बिनमिठाचा भात शिजवणेही होते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात बजावले आहे, की खाण्यावरून भावाला तुच्छ लेखू नका आणि त्याचा न्याय करू नका. तो अध्याय ज्यांच्या बायबलात होता त्यांनीच हे केले. ज्याच्या पुस्तकातून जगाने भारताची औषधे जाणली, त्याला आपल्या ख्रिस्तसभेच्या नावाने कबरीतही विसावा मिळू दिला नाही.

'तो काळच तसा होता' असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो का? ख्रिस्तसभेने तसे केले नाही. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या रक्षणासाठी म्हणून वापरलेल्या जुलमाची कबुली त्यात होती, आणि इस्राएलच्या लोकांवर झालेल्या अन्यायाचीही. जुलमाची कबुली देणारी विनंती कार्डिनल रॅट्झिंगर यांनी वाचली. पुढे तेच सोळावे बेनेडिक्ट झाले, आणि ७ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांनीच संत हिल्डेगार्ड यांना ख्रिस्तसभेच्या पंडिता म्हणून घोषित केले. हा मान मिळालेल्या त्या चौथ्या स्त्री. आपल्या घरचे चांगले आणि वाईट दोन्ही उघड्यावर ठेवायचे असते, हे आपण इथून शिकतो.

पणजीत चर्चसमोरची जुनी बाग बरीच वर्षे गार्सिया द ओर्ताच्या नावाने ओळखली जाते. निष्कलंक मरियेच्या मंदिराच्या पायऱ्या उतरून आपण तिथे सहज जातो. पुढच्या वेळी तिथल्या बाकावर बसाल तेव्हा त्याच्यासाठी आणि त्याच्या बहिणीसाठी एक प्रार्थना जरूर म्हणा.

सिराखच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून वाचावा, अशी आमची विनंती आहे. औषधी द्रव्ये देवानेच भूमीतून निर्माण केली आणि वैद्याचा मान राखावा, असे तिथे शिकवले आहे. त्या वैद्याचा धर्म किंवा कूळ विचारा, असे तिथे कुठेही नाही. जेवणापूर्वी आपण देवाचे आभार मानतो. ते मानताना, ज्या हातांनी ती देणगी आपल्यापर्यंत आणली त्यांचेही स्मरण करायला हवे. त्यात आपल्या लोकांनी दुखावलेले हातही आहेत, आणि म्हणून आपले आभार क्षमायाचनेवाचून पुरे होत नाहीत. आज आपल्या वस्तीत, आपल्या इमारतीत, कोणाच्या डब्यात काय आहे यावरून कुजबुज होते तेव्हा ही गोष्ट आठवावी. ती कुजबुज आपल्याबद्दलही होते, आणि कधी आपल्या तोंडूनही.

प्रार्थना करू या: हे प्रभो, मातीत गुण ठेवणारा तूच आहेस. चीनच्या शेतकऱ्यापासून गोव्याच्या दाईपर्यंत ज्यांनी ते गुण ओळखले आणि आमच्या हाती दिले त्या सर्वांना तुझा आशीर्वाद लाभो. तुझ्या नावाने ज्यांना जाळले त्यांना तुझ्या सान्निध्यात शांती दे, आणि आमची चूल, आमचे ताट व आमची जीभ कोणाचाही न्याय करण्यापासून दूर ठेव. आमेन.