पऱ्हाटीच्या मागोमाग कुलाब्याला

साल १८७५, ऐन थंडीचे दिवस. केनवडहून निघालेल्या तुमच्या बंड्या वाटेत मुक्काम करत अकोल्याला पोचल्या, कापूस विकला गेला, कमरेच्या कशात रोकड आली. खरं तर आता गावाकडं वळायचं. पण जोडीदारांपैकी एक म्हणतो, "आपली पऱ्हाटी मंबईले जाते म्हनतेत. आपुनबी पाहून येऊ ना बे!" झालं! बंड्या भाऊबंदांच्या हवाली करून तुम्ही थर्ड क्लासात चढता.

भुसावळ मागं पडतं. कसाऱ्याचा घाट उतरताना सगळे खिडकीला चिकटतात. गाडी या घाटातून जायला लागून अवघी दहा वर्षं झालीत. बोरीबंदरला उतरलात की व्हीटीची इमारत शोधू नका. तिचं काम सुरू व्हायला अजून तीन वर्षं आहेत. गेटवे नाही, ताज नाही. आहे ती घोड्यांची ट्राम. गेल्या वर्षीच सुरू झालीय. पायधुणी ते कुलाबा तीन आणे! जोडीदार कुरकुरतो, पण चढतो.

उजवीकडे बांबूंच्या परांचीत एक मनोरा वर चढताना दिसतो. राजाबाई टॉवर. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि १८६१ पासून चार वर्षं मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, भले भले शेठ बुडाले, खुद्द प्रेमचंदसुद्धा. त्या तेजीत पऱ्हाटी वऱ्हाडातूनही गेली होती.

ट्राम आता भरावावरच्या रस्त्याला लागते. १८३८ च्या आधी कुलाबा बेटच होतं. ओहोटी पाहून पलीकडं जावं लागे. आता शहराचं हे टोक कापसानं भरलंय. १८४४ पासून बाजार इथं आहे, नाव कॉटन ग्रीन. गाठींच्या थप्प्यांमधून वाट काढत तुम्ही पुढं सरकता. पगडीवाला एक दलाल फाटक्या गोणपाटातून चिमूटभर रुई उपसतो, पत्ती फुंकून उडवतो. दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत पुंजका धरून ओढतो, जुळवून पुन्हा ओढतो. अखेर काळ्या बाहीवर काही तंतू ठेवून लांबी बघतो.

"उमरा," तो कारकुनाला सांगतो. उमरावतीच्या बाजारावरून पडलेलं हे नाव लिव्हरपूलपर्यंत चालतं.

"अबे, हे तं आपल्याकडचीच होय!" जोडीदार कुजबुजतो.

तुमच्या वर्षभराच्या राबणुकीचा निकाल त्या चिमटीत लागतो. तोही पुरा नाही. १८७० पासून समुद्राखालच्या तारेनं मुंबई विलायतेला जोडली गेलीय. तिकडचा भाव आधी इथं येतो. अकोल्यात बंडीशेजारी उभं राहून घासाघीस करताना तुम्हाला यातलं काय ठाऊक होतं?

पुढं ससून डॉक. या जूनमध्येच खुला झालेला, पश्चिम भारतातली पहिली ओली गोदी. एरवी जहाज खोल पाण्यात नांगरून माल होड्यांनी न्यावा लागे. इथं ते थेट धक्क्याला लागतं. हमाल गाठी वाहताहेत, सुएझचा कालवा सहा वर्षांपूर्वी खुला झाल्यानं विलायतेची वाट आखूड झालीय. पलीकडं अफगाण चर्चचा उंच मनोरा. समुद्र पहिल्यांदाच बघणारा जोडीदार ओंजळीत पाणी घेऊन चाखतो आणि थू थू करतो.

आता आपल्या काळात या. ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव चालतो. कापूसबाजार १९२० च्या दशकात शिवडीकडं गेला. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याचंच नाव सांगतं. वऱ्हाडातून मुंबईला गेलात की गेटवेवर फोटो काढून परत फिरू नका. मित्रांना घेऊन कुलाब्यापर्यंत जा, राजाबाई टॉवर नीट बघा. कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या मुंबईत वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही वाटा आहे. तिथं पाहुण्यासारखं बिचकत फिरायचं काहीच कारण नाही.