फुलराणीची कुळकथा

‘ती फुलराणी’ म्हटलं की आधी आठवतं ते मंजुळेचं स्वगत. चिडलेली फुलवाली मनातल्या मनात मास्तराचा सूड घेते. भक्ती बर्वे ते म्हणत तेव्हा प्रेक्षक थिएटर डोक्यावर घेत. पुलंच्या या नाटकाचं मूळ सांगताना सगळे बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’कडे बोट दाखवतात. ते खरंच आहे. पण शॉच्या नाटकात हे स्वगत शोधून सापडत नाही. ते सापडतं ‘पिग्मॅलियन’वरून झालेल्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेत, गाण्याच्या रूपात: चिडलेली फुलवाली एलायझा राजाकडे प्राध्यापकाचं मुंडकंच मागते.

म्हणजे फुलराणीच्या अंगात संगीतिकेचंही रक्त आहे. आणि शॉला तर हे सोयरसंबंध मुळीच मान्य नव्हते! त्याच्या एका नाटकावरून १९०८ साली ‘द चॉकलेट सोल्जर’ हा ऑपेरेटा निघाला. तो त्याला एवढा झोंबला की ‘पिग्मॅलियन’ला चाली लावायची परवानगी त्याने जिवंत असेपर्यंत कुणाला दिली नाही. १९५० साली तो गेला, आणि १९५६ साली लर्नर-लोव जोडीने ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ आणली. २,७१७ प्रयोग झाले. जॉर्ज क्यूकरच्या १९६४ च्या चित्रपटाने आठ ऑस्कर मिळवली.

त्या चित्रपटात एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत. खरी मौज आहे ती प्राध्यापक झालेल्या रेक्स हॅरिसनची. त्याला गाता गळा नव्हता, म्हणून तो गाणी चक्क बोलतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, पत्ता लागत नाही. माझ्या मते हॉलिवूडच्या संगीतिकांमध्ये याला तोड नाही.

१९७५ साली पुलंनी नेमकी हीच जागा उचलली असं मला वाटतं. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून पदांवर पोसलेल्या आपल्या रंगभूमीवर हे नाटक पदांच्या जोरावर नाही, बोलीच्या जोरावर उभं राहिलं. मंजुळा गात नाही. पण तिचं चिडणं यमकात येतं, ठेक्यात येतं.

ती बोली तरी नुसत्या अनुवादाने कुठून यायची? लंडनमध्ये माणसाने तोंड उघडलं की त्याचा वर्ग कळतो. आपल्याकडे गाव कळतं, जात कळते, पेठसुद्धा कळते. पुण्याच्या पेठांपासून मुळशी तालुक्यातलं पौड तासाभराच्या वाटेवर. पण तिथल्या मावळी माणसाने ‘आनि’, ‘पानी’ म्हटलं की पेठेतल्या भुवया वर जातात. हे पुलंना पुरतं ठाऊक होतं. म्हणून कॉव्हेंट गार्डनच्या एलायझाची साळुंक्यांची मंजुळा झाली, आणि बालकवींच्या कवितेचं नाव लेवून ती आपलीच झाली.

‘फुलराणी’ ज्यांना पाठ आहे त्यांनी ‘माय फेअर लेडी’ पुन्हा एकदा जरूर पाहावा. मात्र या खेपेला डोळे हेपबर्नवर असले तरी कान हॅरिसनकडे द्यावेत.