अंगोलाचे तेल कोणाचे?

मे १९८५. अंगोलाच्या उत्तर टोकाला, काँगोच्या चिंचोळ्या भूपट्टीने मुख्य देशापासून तोडलेल्या काबिंडा प्रांतात, दक्षिण आफ्रिकेच्या कमांडोंची एक छोटी तुकडी रात्री किनाऱ्यावर उतरली. मालोंगो येथील तेलकेंद्रात घातपात करणे हा तिचा हेतू होता. अंगोलाच्या सैनिकांनी तिला गाठले. दोन कमांडो मारले गेले आणि तुकडीचा नायक कॅप्टन विनांड दु टॉइट जिवंत हाती लागला.

हे तेलकेंद्र अमेरिकी कंपनी चालवत होती. तेलाचा महसूल लुआंडातील मार्क्सवादी सरकारकडे जात होता. काबिंडाच्या रक्षणाला क्युबाचे सैनिक तैनात होते. आणि त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये, याच सरकारविरुद्ध लढणाऱ्या जोनास साविंबीच्या उनिटा संघटनेला मदत देण्याची तयारी चालली होती. शीतयुद्धात याहून विचित्र दृश्य क्वचितच सापडेल. तेल वाहते राहावे, यावर मात्र दक्षिण आफ्रिका सोडली तर बहुतेकांचे एकमत होते.

ते वाहत राहिले. त्याने अंगोलाची अर्थव्यवस्था वाढली का, याचे उत्तर सोपे आहे: वाढली, आणि काही वर्षे तर जगातील सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत तिची गणना झाली. ती वाढ अंगोलाच्या माणसापर्यंत पोहोचली का, हा या धाग्याचा विषय.

उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पोर्तुगीज अमदानीत, १९१७ मध्ये स्थापन झालेल्या दियामांग या हिरे कंपनीला ईशान्येकडील लुंडा प्रदेशात जवळजवळ स्वतंत्र संस्थानासारखे अधिकार होते. तिची स्वतःची सुरक्षाव्यवस्था होती, रुग्णालये होती, एक नामांकित वस्तुसंग्रहालयही होते. आणि खाणींत राबायला सक्तीने आणलेले मजूर होते. उत्तरेकडील कॉफीच्या मळ्यांत कंत्राटाच्या नावाखाली वेठबिगारीच चाले. फेब्रुवारी १९६१ मध्ये लुआंडातील तुरुंगावर हल्ला झाला आणि मार्चमध्ये कॉफीच्या प्रदेशात रक्तरंजित उठाव झाला. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये कासाब्लांका येथे अंगोलातील आणि गोव्यातील मुक्तिसंघटना एका व्यासपीठावर आल्या, आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६१ हे वर्ष लिस्बनला फार जड गेले.)

अंगोलाला आणखी चौदा वर्षे थांबावे लागले. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले, तोवर सुमारे तीन लाख पोर्तुगीज देश सोडून निघाले होते. त्यांच्याबरोबर मळ्यांचे व्यवस्थापक, दुकानदार, ट्रकचालक आणि यंत्रे दुरुस्त करणारेही गेले. जगातील अग्रगण्य कॉफी उत्पादकांत असलेला हा देश काही वर्षांतच त्या यादीतून दिसेनासा झाला. तेल तेवढे टिकले, कारण ते काढायला मळ्यांसारखी लाखो माणसे लागत नव्हती. पुढील अर्ध्या शतकाचे सारे गणित या एका फरकात दडलेले आहे.

स्वातंत्र्याबरोबरच यादवी युद्ध सुरू झाले आणि मधल्या अल्पकालीन तहांचा अपवाद वगळता २७ वर्षे चालले. शीतयुद्ध संपल्यावर महासत्तांचा पैसा आटला, तेव्हा दोन्ही बाजूंनी जमिनीकडे हात पसरले. सरकारकडे तेल होते, साविंबीकडे लुंडाचे हिरे. सामान्य अंगोलावासीयाच्या वाट्याला भूसुरुंग आले. सुमारे पाच लाख माणसे मेली आणि चाळीस लाख बेघर झाली, असा अंदाज सांगितला जातो. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी उनिटाच्या हिऱ्यांवर निर्बंध घातले. ‘रक्तरंजित हिरे’ हा शब्दप्रयोग जगभर पोहोचला, त्यात अंगोलाचा मोठा वाटा आहे. तेलाला असे कोणते विशेषण चिकटले नाही. ते मान्यताप्राप्त सरकार विकत होते.

२२ फेब्रुवारी २००२ रोजी साविंबी लढाईत मारला गेला आणि ४ एप्रिलला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. त्यानंतर जे घडले त्याने अर्थतज्ज्ञांचे डोळे दिपले. जागतिक बाजारात तेलाचे भाव चढत होते, खोल समुद्रातील नवी क्षेत्रे उत्पादन देऊ लागली होती. २००८ पर्यंत रोजचे उत्पादन १९ लाख पिंपांच्या आसपास गेले. विकासदर दोन अंकी झाला. २००७ मध्ये अंगोला ओपेकचा सदस्य बनला.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जिरासोल हे अंगोलाचे प्रसिद्ध तेलक्षेत्र २००१ मध्ये सुरू झाले. तेथे समुद्र सुमारे १४०० मीटर खोल आहे. तळाखालून वर आलेले तेल तरंगत्या जहाजवजा केंद्रात साठते, तेथूनच टँकरमध्ये भरले जाते आणि परदेशी रवाना होते. अंगोलाच्या मातीला त्याचा स्पर्शही होत नाही. यंत्रे बाहेरची, अभियंते बहुतांशी बाहेरचे. देशाच्या निर्यातीत तेलाचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक, पण रोजगारात तो एक टक्काही नाही. स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या आकड्यात ते प्रत्येक पिंप मोजले जाते. म्हणजे किनाऱ्यावरच्या एकाही घरात काही न बदलता देशाचा विकासदर दहा-पंधरा टक्के होऊ शकतो.

अशा तेलाचा पैसा लोकांपर्यंत पोहोचायला एकच वाट उरते, ती सरकारी तिजोरीची. आणि अंगोलात त्या वाटेवर सोनांगोल उभी होती. १९७६ मध्ये स्थापन झालेली ही राष्ट्रीय तेल कंपनी परदेशी कंपन्यांना परवाने देई, त्यांच्याकडून सरकारचा वाटा वसूल करी, स्वतः व्यवसाय करी आणि सरकारच्या वतीने थेट खर्चही करी. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला आढळले की २००७ ते २०१० या काळात सुमारे ३२ अब्ज डॉलरांचा मेळ सरकारी हिशोबात लागत नाही. त्यातील बराचसा पैसा सोनांगोलने सरकारसाठी अर्थसंकल्पाबाहेर खर्च केला होता, असे पुढे स्पष्टीकरण मिळाले. हे स्पष्टीकरण खरे धरले तरी ते दिलासा देणारे नाही. ज्या खर्चावर संसदेत चर्चा नाही, तो कोणासाठी झाला हे विचारायचे कोणाला?

ज्या सरकारला करासाठी जनतेपुढे हात पसरावा लागत नाही, त्याला जनतेचे ऐकावेही लागत नाही. शेतकरी, दुकानदार, कारागीर यांच्या उत्पन्नावर राज्य चालत असते तर त्यांचे दिवाळे म्हणजे राज्याचे दिवाळे ठरले असते. अंगोलात तसे नव्हते. जुझे एदुआर्दु दुश सांतुश १९७९ ते २०१७ अशी ३८ वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिले, ते केवळ सैन्याच्या बळावर नव्हे. तेलाच्या पैशाने निष्ठा विकत घेता येत होत्या.

राजधानी लुआंडात हा विरोधाभास उघड्या डोळ्यांना दिसे. परदेशी कर्मचाऱ्यांसाठी जगातील सर्वांत महागडे शहर म्हणून २०१३ पासून सलग तीन वर्षे तिचे नाव झळकले. तेलाच्या डॉलरांमुळे चलन वधारले, आयात स्वस्त पडू लागली, स्थानिक शेती आणि कारखाने उभेच राहिले नाहीत; बंदर तुंबले आणि टोमॅटोपासून सिमेंटपर्यंत सारे बाहेरून येऊ लागले. अर्थशास्त्रात याला ‘डच रोग’ म्हणतात. ज्या शहरात एका सदनिकेचे मासिक भाडे हजारो डॉलर होते, त्याच शहरातील बहुसंख्य लोक मुसेक नावाच्या तांबड्या वाळूवरच्या झोपडवस्त्यांत राहत आणि टँकरचे पाणी बादलीने विकत घेत. त्यांचा संसार चाले तो फेरीवर. डोक्यावर टोपली घेऊन हिंडणाऱ्या विक्रेत्या बायकांना तेथे झुंगेइरा म्हणतात. रोके सांतेइरो ही त्यांची प्रचंड बाजारपेठ. एका ब्राझिलियन दूरचित्रवाणी मालिकेवरून तिचे नाव पडले होते. २०१० मध्ये सरकारने ती बंद करून शहराबाहेर हलवली. समुद्राकाठची ती जागा मोक्याची होती.

याच सुमारास लुआंडाबाहेर किलांबा हे नवे नगर उभे राहिले. चिनी कंपनीने बांधलेल्या, तेलाच्या तारणावरील कर्जातून साकारलेल्या सुमारे वीस हजार सदनिका २०११ मध्ये तयार झाल्या आणि बऱ्याच काळ रिकाम्या राहिल्या. किंमत सव्वा लाख डॉलरपासून पुढे. बहुतांश लोकसंख्येची मिळकत दिवसाला काही डॉलर. २०१३ मध्ये किमती उतरवल्यावर आणि हप्त्यांची सोय केल्यावर तेथे वस्ती झाली. मध्यमवर्गाला घरे मिळाली, हे नोंदवायला हवे. मुसेक मात्र होते तेथेच राहिले.

आणि मुले? २०१३ सालासाठीच्या युनिसेफच्या अंदाजात पाच वर्षांखालील बालमृत्यूंत अंगोला जगात पहिला होता: दर हजारी १६७. पुढे २०१५-१६ मध्ये घरोघर पाहणी झाली तेव्हा हे प्रमाण ६८ च्या आसपास निघाले. चित्र आधी समजले गेले त्याहून बरे होते, ही आनंदाची गोष्ट. पण या दोन आकड्यांमधील दरीच बोलकी आहे. १९७० नंतरची पहिली जनगणना २०१४ मध्ये झाली. तोवर किती माणसे आहेत, किती मुले मरतात, हे राज्याला नेमके ठाऊक नव्हते. तेलाचा हिशोब मात्र पिंपागणिक ठेवला जात होता.

वाढीचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. रस्ते झाले, पूल झाले, सुरुंग निघाले, विस्थापित घरी परतले. तथापि २००८-०९ च्या सरकारी पाहणीत गरिबांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते आणि २०१८-१९ मध्ये सुमारे ४१ टक्के. पद्धती वेगळ्या असल्याने थेट तुलना करू नये. पण मधल्या दशकात तेलाचा भाव अनेक वर्षे शंभर डॉलरांच्या पुढे होता, हे विसरूनही चालणार नाही.

२०१४ च्या उत्तरार्धात भाव कोसळले. खर्चाची कात्री आधी कोठे चालली? लुआंडात कचरा उचलणे थांबत गेले, ढीग साचले, डास वाढले. डिसेंबर २०१५ मध्ये शहरालगतच्या वियाना भागात पीतज्वराची साथ उद्भवली आणि देशभर पसरली. शेकडो माणसे दगावली. या रोगावर लस १९३० च्या दशकापासून आहे, आणि एक मात्रा जन्मभर पुरते.

साथ चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी आपली कन्या इझाबेल यांना सोनांगोलच्या प्रमुखपदी नेमले. फोर्ब्सने त्यांना आधीच आफ्रिकेतील पहिली अब्जाधीश महिला ठरवले होते. नवे राष्ट्राध्यक्ष जुआंव लोरेन्सो यांनी २०१७ मध्ये त्यांना दूर केले. २०२० मधील ‘लुआंडा लीक्स’ या कागदपत्रांतून त्यांच्या व्यवहारांवर गंभीर आरोप झाले. त्या ते फेटाळतात.

मग हे सारे अटळ होते काय? बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तेथे जेमतेम १२ किलोमीटर पक्का रस्ता होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. अध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजांचे हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे आणले, त्यांत त्यांच्या स्वतःच्या टोळीचेही होते. उत्पन्न अर्थसंकल्पात आले, शाळा आणि दवाखान्यांवर खर्च झाले. तेथेही विषमता तीव्र आहे आणि हिऱ्यांची मागणी घटली की देश हादरतो. पण त्याला २७ वर्षांचे युद्ध भोगावे लागले नव्हते, हेही अंगोलाच्या बाजूने सांगितले पाहिजे.

अंगोलाने १ जानेवारी २०२४ पासून ओपेक सोडली. तेल काढणाऱ्या या देशाला पेट्रोल-डिझेल मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागते. जुलै २०२५ मध्ये डिझेलचा दर ३०० वरून ४०० क्वांझा झाला, मिनीबस टॅक्सीचालकांनी संप पुकारला, लुआंडात दंगल उसळली आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली.

सध्या जगाचे लक्ष लोबितो बंदराकडे जाणाऱ्या बेंग्वेला रेल्वेकडे आहे. सुमारे १३४४ किलोमीटरचा हा मार्ग काँगोतील कटांगाचे तांबे अटलांटिकपर्यंत आणण्यासाठी पोर्तुगीज काळात बांधला गेला आणि १९३१ मध्ये त्यावरून पहिली खेप आली. युद्धात तो उद्ध्वस्त झाला, चीनच्या पैशाने पुन्हा उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडन लोबितोला येऊन गेले. गाड्यांत आता तांब्याबरोबर कोबाल्टही असते.