पिल्लांना आईकडून होणारे जंत आणि आपली मुले

कुरकुंभ-दौंड भागात वस्तीवर कुत्री, म्हशी आणि मुले एकाच अंगणात वावरतात. कुत्रीची पिल्ले बहुतेकदा जन्मतःच जंत घेऊन येतात, हे पालकांना माहीत असावे.

पिल्लांना जंत कसे होतात?
टॉक्सोकारा जातीच्या जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत सुप्त असतात. गाभण काळाच्या शेवटी त्या जाग्या होऊन वारेतून आणि पुढे दुधातून पिल्लांत जातात. रेडकांनाही असेच जंत म्हशीच्या दुधातून होतात.

मुलांना कसे होतात?
सुमारे 3 आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेतून जंतांची अंडी पडू लागतात. मातीत 2 ते 4 आठवड्यांनी ती संसर्गक्षम होतात. मातीचे हात तोंडात गेले की अळ्या यकृतात, फुफ्फुसांत, क्वचित डोळ्यात पोहोचतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?
ताप, खोकला, पोटदुखी रेंगाळल्यास. एका डोळ्याने कमी दिसणे किंवा तिरळेपणा आढळल्यास लगेच. मुलाच्या शौचाच्या तपासणीत हे जंत सापडत नाहीत. म्हणून घरी पिल्ले आहेत हे आवर्जून सांगा.

काय काळजी घ्यावी?
पिल्ले 2 आठवड्यांची झाली की पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यांना व आईला जंतनाशक द्या. विष्ठा रोज उचला. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.